पूर्णा गावातील निळे पिंप

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींचे जिनालय ‘कोकण शत्रुंजय’ या नावाने ओळखले जाते. श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेत येणारे ठाणे बंदर ते हेच, अशी परंपरा आहे. कुष्ठाने ग्रासलेली श्रीपालाची काया नवपदाच्या आराधनेने आणि सिद्धचक्राच्या स्नात्रजलाने निर्मळ झाली, ही कथा चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत घरोघरी वाचली जाते. याच ठाण्यातून बाळकुमकडे निघालेला रस्ता कशेळीच्या पुलावरून उल्हास नदीची खाडी ओलांडतो आणि कशेळी, काल्हेर ही गावे मागे टाकून पूर्णा गावात पोहोचतो. पुढे लगेच अंजूर फाटा आणि मग भिवंडी शहर. अंतर पाहू गेल्यास सुमारे दहा किलोमीटरचेच. परंतु काया निर्मळ करण्याच्या इच्छेने ज्या गोष्टींपासून माणूस दूर जाऊ पाहतो, त्या गोष्टी किती जवळ साठवलेल्या असतात हे कळण्यासाठी एवढा प्रवास पुरेसा आहे.

भल्या पहाटे या रस्त्यावर वर्दळ थोडी कमी असते. विहाराला निघालेले साधू-साध्वी त्या वेळी अनवाणी पायांनी याच कडेने चालताना दिसतात. उजाडले की ट्रक, कंटेनर आणि टेम्पो यांचे राज्य सुरू होते. डोक्यावरून मेट्रो मार्ग ५ ची उन्नत वाट गेली आहे. ठाणे, भिवंडी आणि कल्याण यांना जोडणाऱ्या या मार्गावर पूर्णा नावाचे स्थानकही आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कमानदार छपरांची गोदामे एकाला एक लागून उभी आहेत. संकुलांच्या फाटकांवरील नावे वाचत गेल्यास जैन वाचकाला परकेपणा वाटत नाही. कोणा संकुलाला अरिहंताचे नाव, कोणाला पार्श्वनाथाचे, कोणाला लक्ष्मीचे. कच्छ, सौराष्ट्र, मारवाड येथून मुंबईत आलेल्या कितीतरी व्यापारी घराण्यांचा माल या पट्ट्यात उतरतो आणि येथूनच पुढे जातो. पेढी मुंबईत, निवास ठाण्यात किंवा मुलुंडला आणि माल भिवंडीत, अशी त्रिस्थळी यात्रा अनेक कुटुंबांत दोन पिढ्यांपासून चालू आहे.

हा प्रदेश मुळात भाताचा आणि मिठाचा. खाडीकाठची खाजणे, आगरी आणि कोळी समाजाची गावे, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभी असलेली भातखाचरे, उन्हाळ्यात चमकणारी मिठागरे. शेजारच्या अंजूर गावाला इतिहासात मानाचे पान आहे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांविरुद्ध जी वसईची मोहीम चालवली, तिच्या उभारणीत अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा होता. भिवंडी शहराची ओळख त्यानंतर हातमागाची आणि मग यंत्रमागाची झाली. गोदामांची ओळख मात्र त्या मानाने अगदी अलीकडची आहे, आणि तिचे कारण व्यापाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही: जकात.

मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. हद्दीच्या अलीकडे, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात माल उतरवून ठेवला आणि गिऱ्हाईक ठरेल तसतसा आत नेला, तर भांडवल अडकून पडत नसे. जो माल मुंबईत न जाता नाशिक, पुणे किंवा गुजरातकडे जायचा त्यावरील जकात तर वाचेच. जमीन स्वस्त, महामार्ग हाताशी, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात. भाताच्या एकरी उत्पन्नापेक्षा गाळ्याचे महिन्याचे भाडे अधिक, हे शेतकऱ्याला उमगले आणि खाचरांत भराव पडू लागला. परवानग्या अनेकदा ग्रामपंचायतीच्या एका कागदावर मिळत. पुढे या बेकायदा बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नियोजनाचे काम एमएमआरडीएकडे आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, जकात इतिहासजमा झाली. तेव्हा भिवंडीची गोदामे ओस पडतील असे भाकीत करणारे कमी नव्हते. घडले उलटेच. घरपोच माल पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना मुंबईच्या तोंडाशी हवी तेवढी जागा येथेच मिळाली.

त्यामुळे पूर्णा आणि आसपासच्या गावांत आज काय नाही असे विचारावे. कापडाचे तागे, टाइल्स, टीव्ही, औषधे, बिस्किटे, पुस्तके, मुलांची खेळणी. शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढण्याचे वचन देणाऱ्या चहाच्या पुड्या, रसाच्या बाटल्या आणि तळपायाला चिकटवायच्या पट्ट्या ज्या खोक्यांतून घरोघरी पोहोचतात, ती खोकीही अशाच पट्ट्यांतून निघतात. आणि त्यापासून चार गाळे पलीकडे, अर्धवट ओढलेल्या शटरच्या आत, निळ्या प्लास्टिकची आणि काळ्या पत्र्याची पिंपे एकावर एक रचलेली असू शकतात. जवळून जाताना थिनरचा गोडसर वास येतो, किंवा कॉस्टिकच्या भुकटीने घसा खवखवतो. ‘डीटॉक्स’ आणि ‘टॉक्सिक’ यांच्यामध्ये कधी कधी केवळ नऊ इंची भिंत असते.

रसायन म्हणजे विष असा याचा अर्थ कोणी करू नये. मीठ हे रसायन आहे, धुण्याचा सोडा रसायन आहे. औषध, साबण, शाई, कापडाचा रंग यांपैकी काहीही रसायनांच्या व्यापाराखेरीज घडत नाही. भिवंडीच्या मागांना, डोंबिवलीच्या आणि अंबरनाथच्या कारखान्यांना कच्चा माल लागतो आणि तो कोठेतरी साठवावाच लागतो. प्रश्न साठवण्याच्या रीतीचा आहे. ज्या गोदामाची रचना कापडाच्या ताग्यांसाठी झाली, ज्यात वायुवीजन छपराखालच्या दोन झरोक्यांपुरते आहे, ज्याच्या एका बाजूला फर्निचर आणि दुसऱ्या बाजूला लोकवस्ती आहे, तेथे टोल्युइनची किंवा मिथेनॉलची पिंपे शेकड्यांनी ठेवली जातात तेव्हा त्या जागेचा स्वभावच बदलतो. या द्रवांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या वर निघून जात नाहीत, जमिनीलगत पसरतात. आणि रात्री पहारेकरी व हमाल झोपतात ते जमिनीवरच.

पूर्णा, राहनाळ आणि शेजारच्या गावांतील रसायनांच्या गोदामांना गेल्या दोन दशकांत वारंवार आगी लागल्या. प्रत्येक वेळी चित्र जवळजवळ सारखे असते. काळ्या धुराचा लोट कोसभरावरून दिसतो, भिवंडीच्या अग्निशमन दलाच्या मदतीला ठाणे आणि कल्याणच्या गाड्या धावतात, रस्ता बंद होतो, आणि आत नेमके काय आहे हे जवानांना कोणी सांगू शकत नाही. पाणी मारावे की फेस, हा निर्णय त्या एका माहितीवर अवलंबून असतो. काही रसायने पाण्याने विझतात, काहींवर पाणी पडले तर ती अधिक भडकतात. मालक म्हणतो गाळा भाड्याने दिला होता, भाडेकरू म्हणतो माल दुसऱ्याचा होता, आणि ज्याचा माल तो फोन उचलत नाही. धूर मात्र कोणाच्याही मालकीचा नसतो. तो ज्या घराच्या खिडक्या उघड्या असतील त्या घरात शिरतो.

खाडीपलीकडच्या डोंबिवलीने हे अधिक कठोरपणे अनुभवले आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात झालेल्या स्फोटात १२ जणांचे प्राण गेले आणि आसपासच्या इमारतींच्या काचांचा चुरा झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा तसाच स्फोट झाला. पण गोदामाच्या दृष्टीने पाहता अधिक बोलके उदाहरण परदेशातले आहे. लेबनॉनच्या बेरूत बंदरात एका जहाजावरून उतरवलेले २७५० टन अमोनियम नायट्रेट १२ क्रमांकाच्या गोदामात ठेवले गेले. ठेवले गेले आणि राहिले. कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होते. सहा वर्षे कोणी ते हलवले नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट झाला, २०० हून अधिक माणसे मेली आणि अर्धे शहर उद्ध्वस्त झाले. तेथे कोणी कट केला नव्हता. माल पडून होता, एवढेच.

जैन घराण्यांना या विषयाचा विचार करण्यासाठी आधुनिक कायद्यापर्यंत थांबण्याची गरज नव्हती. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांचे वर्णन येते. त्यातील भोगोपभोग परिमाण व्रताच्या संदर्भात श्रावकाने टाळावयाचे १५ व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. अंगारकर्म, वनकर्म येथपासून सुरू होणाऱ्या त्या यादीत विषवाणिज्य हे स्वतंत्र कर्मादान आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या प्रत्येकाचा खुलासा केला. तो वाचताना आजचा व्यापारी थबकेल, कारण ती यादी पुष्कळशी रसायनांच्या बाजाराची आहे. लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर मनशीळ, नीळ आणि टंकणखार येतात. विषवाणिज्यात विष आणि शस्त्रे यांच्या पंक्तीला हरताळ बसवला आहे.

मनशीळ आणि हरताळ ही दोन्ही आर्सेनिकची, म्हणजे सोमलाच्या जातीची खनिजे. गंमत अशी की हरताळ जैन ज्ञानभांडारांतही नांदत होता. हस्तलिखितात चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून ती झाकत असे. मराठीतील ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. म्हणजे ज्या वस्तूच्या व्यापाराला आचार्यांनी विषवाणिज्य म्हटले, तीच वस्तू पोथी लिहिणाऱ्याच्या हाताशी असे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. चिमूटभर हरताळ कशासाठी आणि कोणाच्या हातात आहे हे लेखकाला ठाऊक होते. पोतेभर हरताळ विकणाऱ्याला तो पुढे कोठे जाणार हे ठाऊक नसते. कर्मादानाच्या विचारातील भेद येथे असावा.

भाड्याचा मुद्दा थोडा नाजूक आहे. १५ कर्मादानांत भाटककर्म आहे खरे, परंतु त्याचा मूळ रोख बैल, उंट, गाढव, घोडे यांच्याकरवी ओझी वाहून उपजीविका करण्यावर, त्या मुक्या प्राण्यांच्या पीडेवर आहे. गाळ्याचे भाडे त्यात शब्दशः बसत नाही, आणि ते ओढून ताणून बसवणे शास्त्राला न्याय देणारे नाही. तरीही ‘माल माझा नाही, मी फक्त जागा देतो’ हे उत्तर देताना श्रावकाच्या मनात ती यादी एकदा तरी येऊन जात असेल. जागा देणाऱ्याला माल पाहण्याचा अधिकार आहे, आणि भाडे वाढवण्याच्या वेळी तो अधिकार अचूक आठवतोही.

विक्रेत्याचे अज्ञान किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरण मुंबईत घडले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हे रंगाच्या, औषधांच्या आणि इतर अनेक उद्योगांतील साधे, स्वस्त द्रावक. पिंपाने विकले जाते. या रसायनाची एक बाब शरीरशुद्धीच्या प्रचलित कल्पनांना धक्का देणारी आहे. मिथेनॉल स्वतः तितके घातक नसते. शरीर शुद्ध करणारा अवयव म्हणून ज्याचा गौरव होतो ते यकृतच त्याचे विघटन करते, आणि त्यातून तयार होणारे फॉर्मिक आम्ल दृष्टी आणि जीव घेते.

यकृताची कामाची रीत अशीच आहे. आलेले परके द्रव्य ते पाण्यात विरघळेल अशा रूपात बदलते, मग ते पित्तावाटे किंवा मूत्रपिंडांतून मूत्रावाटे बाहेर जाते. हे काम अहोरात्र चालते, त्यासाठी कोणत्याही पुडीची आज्ञा लागत नाही, आणि निरोगी यकृताचा वेग एखाद्या रसाने वाढतो असा विश्वासार्ह पुरावा नाही. तळपायाच्या पट्ट्या सकाळी काळ्या होतात, कारण त्यांतील भुकटी ओलाव्याने काळी पडते; पाण्याचे चार थेंब टाकले तरी तेच होते. आणि जे यकृताला बदलता येत नाही ते जाता जात नाही. शिसे हाडांत जाऊन बसते आणि दशकानुदशके राहते. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशके चरबीत मुरतात. अशा माणसाने उपवास केला आणि चरबी घटली, तर चरबीत दडलेली ती द्रव्ये रक्तात उतरतात, रक्तातील त्यांचे प्रमाण काही काळ वाढते, असे वजन घटवलेल्या लोकांच्या तपासण्यांत दिसून आले आहे.

येथे एक गैरसमज दूर व्हावा. अलीकडे अठ्ठाई आणि आयंबिल यांचे महत्त्व पटवताना ‘हे तर आपले प्राचीन डीटॉक्स’ असे अभिमानाने म्हटले जाते. आयंबिलात तेल, तूप, दूध, साखर, मसाले वर्ज्य असतात, एका वेळी एका जागी बसून उकडलेले धान्य घ्यावयाचे असते. जिभेला आणि पोटाला त्याने विसावा मिळत असेल. परंतु तपाचे प्रयोजन निर्जरा आहे. कर्माची निर्जरा. शास्त्राने शिसे किंवा कीटकनाशक बाहेर काढण्याचे वचन कधीच दिले नव्हते, आणि चहाच्या पुडीच्या रांगेत नेऊन बसवल्याने तपाची उंची वाढत नाही, कमी मात्र होते.

पाण्याचेही तसेच. गळण्याने पाणी गाळण्याचा नियम जीवदयेसाठी आहे. आरोग्याला त्याचा लाभ झाला तो आनुषंगिक. तो लाभ खरा आहे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीची चार किंवा अधिक पदरी घडी करून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित अभ्यासाने दाखवले, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते कापडात अडकतात. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले शिसे, आर्सेनिक किंवा नायट्रेट कापडातून सुखाने पार होते, आणि उकळल्याने पाणी आटते तसे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. जे पाण्यात मिसळले, ते पाण्याशी मिसळण्यापूर्वीच अडवावे लागते.

आणि येथे पुन्हा पूर्णा गावात, त्या निळ्या पिंपाजवळ यावे लागते.

गोदामातील रसायन विकले जाते, कारखान्यात वापरले जाते, आणि पिंप रिकामे होते. रिकामे पिंप भंगारवाला विकत घेतो. तो ते धुतो, कधी नुसतेच विसळतो, आणि पुढे विकतो. दोनशे लिटरचे, मजबूत, झाकणाचे, न गंजणारे पिंप शंभर ठिकाणी उपयोगी पडते. ज्या चाळीत नळाला दिवसाआड पाणी येते तेथे ते मोरीत उभे राहते. बांधकामावर मजुरांच्या पिण्याचे पाणी त्यात भरले जाते. मांडवात डाळ-तांदूळ धुण्यासाठी ते येते, आणि तो मांडव लग्नाचा असतो तसा स्वामिवात्सल्याचाही असू शकतो. भिवंडीच्या ग्रामीण भागात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा प्रत्येक दारासमोर अशीच पिंपे रांगेत असतात.

ज्या प्लास्टिकचे हे पिंप बनते ते दिसायला घट्ट असले तरी सेंद्रिय द्रावके आणि कीटकनाशके त्याच्या भिंतीत मुरतात. साबणाने वरचा थर निघतो, मुरलेले राहते, आणि नव्या पाण्यात हळूहळू उतरत जाते. कधी वास येतो, पुष्कळदा येत नाही. कायदा या बाबतीत संदिग्ध नाही: घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत, घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे व डबे हा स्वतःच घातक कचरा ठरवला असून पहिल्या अनुसूचीत त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. ती भंगारात द्यावयाची नसतात. निर्मळ करण्याची यंत्रणा व परवाना असलेल्याकडेच पाठवावयाची असतात. पण चारशे-पाचशे रुपयांना जाणारे पिंप कायद्यासाठी कोण थांबवून ठेवणार? कितीतरी पेढ्यांच्या वहीत ‘जुनी पिंपे विक्री’ ही किरकोळ उत्पन्नाची एक ओळ असते. ती ओळ कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊन संपते, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ज्याला हे टाळायचे आहे तो पिंपाच्या तळाला आणि पोटाला भोके पाडूनच ते फाटकाबाहेर जाऊ देतो. भाव निम्मा येतो.

पिंपात काय होते हे कळण्याचा मार्गही अवघड नाही. घातक मालाच्या लेबलावर चार आकड्यांचा एक क्रमांक असतो, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला, जगभर एकच. १२९४ म्हणजे टोल्युइन, १२३० म्हणजे मिथेनॉल, १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. शेजारी चौकट उभी करून काढलेले चिन्ह असते: ज्वाला, कवटी, किंवा हातावर सांडणारा थेंब. अशा मालाबरोबर १६ भागांचे सुरक्षा माहितीपत्रक यावे लागते, आणि त्यात प्रथमोपचारापासून आग विझवण्याच्या रीतीपर्यंत सारे असते. गाळा भाड्याने देणाऱ्याला एवढे वाचायचे नसेल तर त्याने भाडेकरूचे ई-वे बिल पाहावे. एचएसएन क्रमांक २८ किंवा २९ ने सुरू होत असेल तर आत रसायन आहे, मग करारनाम्यात ‘कापड’ लिहिलेले असो वा ‘किरकोळ माल’. टोल्युइनसारख्या ज्वालाग्राही द्रवांचा ठरावीक मर्यादेपलीकडचा साठा करण्यास ‘पेसो’चा परवाना लागतो, घातक रसायनांच्या साठवणुकीचे १९८९ चे नियम भोपाळच्या १९८४ मधील वायुकांडानंतर आले. शिवाय विम्याचा साधा व्यवहार आहे. विमा कापडाचा आणि जळाले रसायन, तर दावा उभा राहणे कठीण. अनेकांना धर्मापेक्षा आणि कायद्यापेक्षा हे कारण लवकर पटते, पटो.

घराच्या उंबऱ्याआत हीच दृष्टी नेली तर पुष्कळ गोष्टी दिसतात, त्यांपैकी दोनच येथे पुरेत. धान्याच्या व्यापारात कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, किंवा कोठार मागे आणि झोपण्याची खोली पुढे, अशी ज्यांची घरे आहेत त्यांनी या गोळ्या धान्यात ठेवून दार लावून झोपणे म्हणजे काळाशी खेळ आहे. फटीतून वायू वर चढतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर वेळ न दवडता सर्वांनी बाहेर पडावे. दुसरी गोष्ट फरसाणाची. गरम गाठिया वर्तमानपत्रावर पसरण्याची सवय घरोघरी आहे. शाईतील द्रव्ये तेलात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच याविरुद्ध सूचना काढली. यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, ताट घ्यावे लागते.

हमालाचा प्रश्न मात्र ताटाने सुटत नाही. पाठीवर कॉस्टिकच्या किंवा रंगाच्या भुकटीच्या गोण्या वाहणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर दिवसभर जे बसते ते तो रात्री घरी नेतो, आणि त्याचे मूल त्याच सदऱ्याला बिलगते. गोदामात हात धुण्यासाठी वाहते पाणी, साबण, कपडे बदलण्यापुरता आडोसा आणि जेवायला मालापासून वेगळी जागा, एवढ्याने त्यातील मोठा भाग उंबऱ्याबाहेर राहतो. खर्च काढला तर तो पर्युषणातील एका दिवसाच्या प्रभावनेइतकाही भरणार नाही.

हिवाळ्यात पूर्णा गावात पाच वाजले की अनेक पेढ्यांवर चौविहाराचे डबे उघडतात. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असते. घरून आणलेले उकळलेले पाणी बाटलीत असते. डबा पुसून पिशवीत जातो, शेवटच्या टेम्पोची पावती होते, शटर खाली येते. हमालांची एक तुकडी रात्रीच्या मालासाठी थांबलेली असते. फाटकाजवळ टँकर उभा राहतो, त्याची नळी निळ्या पिंपात सोडली जाते, आणि पिंप भरेपर्यंत पाचसहा जण हातात लोटे घेऊन भोवती उभे राहतात. पिंपाच्या पोटावरील लेबल उन्हापावसाने पांढरे पडले आहे. त्यावरील चार आकड्यांपैकी शेवटचे दोनच आता वाचता येतात.